तबकडीवर न छापलेली नावं

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून)



संयोजकांनी बोलायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली होती, की आपापल्या नोकरीधंद्याबद्दल बोलायचं नाही, ज्याचं वेड आहे त्याबद्दल बोलायचं. अट चांगली आहे. नाहीतर मी सॉफ्टवेअरबद्दल वीस मिनिटं बोलले असते आणि मागच्या दोन रांगा पाचव्या मिनिटाला चहाकडे वळल्या असत्या. मी विषय कळवला, 'रॉक अँड रोल घडवणारी माणसं', तर आपल्या गटावर पहिलाच प्रश्न आला, "तू गाणार नाहीस ना?" नाही, गाणार नाही. प्रार्थनेच्या वेळी मला माइकपासून सगळ्यात लांब का उभं करत असत, हे संगीताच्या बाईंच्या अजून लक्षात असेल.

हे वेड मला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात लागलं. खोलीतल्या मैत्रिणीकडे जुन्या अमेरिकन गाण्यांची एक कॅसेट होती. वेष्टनावर गाण्यांची नावं होती, गायकांची होती, बाकी काही नव्हतं. मला मात्र सारखं वाटायचं, हा पियानो कोण वाजवतंय? इतका वेळ इतका जोरात ढोल कोण बडवतंय? त्या प्रश्नांच्या मागे मी अजून आहे. आज सांगणार आहे ते त्यातूनच हाती आलेलं.

आधी हे संगीत म्हणजे काय ते थोडक्यात. चार मात्रांचं एक आवर्तन, अशी बारा आवर्तनं, आणि त्यात मुख्यतः तीनच कॉर्ड. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताचा हा सांगाडा. त्यात चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याचा आवेश आला, बूगी-वूगी पियानोची डाव्या हाताची धावती चाल आली, गोऱ्या खेडुतांच्या कंट्री गाण्यातली गोष्ट सांगायची रीत आली. आणि ठेका बदलला. आपण समेवर टाळी देणारी माणसं. इथे एक-दोन-तीन-चारमधल्या दोन आणि चारवर टाळी द्यायची. आत्ता बसल्या जागी करून बघा. पाहिलंत? सरांचाही पाय हलला.

हा दोन-चारचा जोर गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत न सोडता वाजवणाऱ्या पहिल्या वादकांत अर्ल पामर यांचं नाव घेतात. गाव न्यू ऑर्लिन्स. १० डिसेंबर १९४९ या दिवशी कोझिमो मटासा यांच्या छोट्याशा स्टुडिओत फॅट्स डोमिनोचं 'द फॅट मॅन' मुद्रित झालं, त्यात ड्रमवर पामर होते. पुढे सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्डचं 'टुटी फ्रुटी' याच स्टुडिओत झालं, तेव्हाही ड्रमवर पामरच. या गाण्याचे मूळ शब्द चारचौघांत म्हणण्यासारखे नव्हते. डोरोथी लाबॉस्ट्री नावाच्या एका तरुण कवयित्रीला बोलावून ते ऐन वेळी बदलून घेतले. तिचं नाव निदान गीतकारांत आलं. पामरचं नाव तबकडीवर कुठेच नव्हतं. स्टुडिओत वाजवायचं, ठरलेले पैसे घ्यायचे, घरी जायचं, अशी वादकांची रीत होती.

आता थोडं मागे जाऊ या. १९१५ साली आर्कान्सा राज्यातल्या कॉटन प्लांट नावाच्या गावात एक मुलगी जन्मली. गावाचं नाव कापसावरून, आणि तिची आईही कापूस वेचणारी. आई चर्चमध्ये प्रवचनं करायची, मुलगी लहानपणापासून तिच्याबरोबर गिटार घेऊन गायची. हीच सिस्टर रोझेटा थार्प. १९३८ मध्ये तिच्या तबकड्या निघू लागल्या. १९४४ मध्ये तिनं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' गायलं. गाणं देवाचं, पण विजेच्या गिटारवर जे चाललंय ते ऐकलं की पुढच्या दहा वर्षांत काय येणार आहे ते आधीच ऐकू येतं. १९४५ मध्ये हे गाणं कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. (ती यादी गोऱ्यांच्या यादीपासून वेगळी असायची. तिचं नावच 'रेस रेकॉर्ड्स'.)

१९४७ मध्ये जॉर्जियातल्या मेकन गावी तिचा कार्यक्रम होता. कार्यक्रमाआधी चौदा वर्षांचा एक पोरगा तिच्यासमोर तिचीच गाणी म्हणू लागला. तिनं त्याला रंगमंचावर बोलावून गायला लावलं आणि वर पैसेही दिले. तो पोरगा म्हणजे लिटल रिचर्ड. १९५१ मध्ये तिचं लग्न वॉशिंग्टनच्या बेसबॉलच्या मैदानात तिकीट लावून झालं आणि वीसेक हजार माणसं पैसे मोजून लग्नाला आली. लग्नाला आहेर नेणारे आपण, तिकीट काढून जाणारे ते! १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर, भर पावसाळी हवेत, लांब कोट घालून तिनं गिटार वाजवली. फलाटावर ती आणि पलीकडच्या फलाटावर श्रोते. ते चित्रण आजही बघायला मिळतं. घरी गेल्यावर जरूर बघा.

१९७३ मध्ये ती फिलाडेल्फियात वारली. तिच्या कबरीवर तीस वर्षांहून अधिक काळ नावाचा दगडसुद्धा नव्हता. मग एका कार्यक्रमातून पैसे जमवून तो बसवला. क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं १९८६ मध्ये पहिल्यांदा मानकरी निवडले, तेव्हा गायक-वादकांच्या मुख्य यादीत चक बेरी, एल्व्हिस, फॅट्स डोमिनो, लिटल रिचर्ड, बडी हॉली, जेरी ली लुईस असे सगळे पुरुषच होते. रोझेटाला तिथे जागा मिळायला २०१८ साल उजाडलं.

पहिली रॉक अँड रोल तबकडी कोणती, यावर अभ्यासकांचं भांडण कधी मिटणार नाही. त्यात नेहमी येणारं एक नाव 'रॉकेट एटी-एट'. मार्च १९५१, मेम्फिस, सॅम फिलिप्स यांचा स्टुडिओ. आइक टर्नर नावाचा कोवळा पियानोवादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. वाटेत गिटारच्या ॲम्प्लिफायरचं नुकसान झालं होतं, त्याच्या भोंग्यातून खरखर येत होती. दुरुस्तीला वेळ नव्हता. त्यांनी आत कागद कोंबले आणि खरखरीसकट गाणं मुद्रित केलं. तो फाटका आवाज लोकांना इतका आवडला, की पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी पैसे खर्चून तसा आवाज काढणारी यंत्रं घेतली. आमच्या धंद्यात चूक सापडली की ग्राहकाला "ही सोयच आहे" असं सांगायची पद्धत आहे. इथे ते खरं ठरलं.

ही तबकडी त्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पण वाद्यवृंदाचं खरं नाव 'किंग्ज ऑफ रिदम', प्रमुख आइक टर्नर. तबकडीवर छापलं गेलं 'जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स'. ब्रेन्स्टन हा त्यातला सॅक्सोफोन वाजवणारा, त्या गाण्यापुरता गायक. 'डेल्टा कॅट्स' नावाचा वाद्यवृंद नव्हताच. आणि ती फाटकी गिटार वाजवणारा विली किझार्ट तर कागदावर कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, नावाचं एवढं काय? संगीत तर झालं ना? इथे थोडा व्यवहार सांगावा लागतो. अमेरिकेच्या कायद्यात पैसा गाणं रचणाऱ्याच्या मागे जात असे. तबकडीवर गाण्याच्या नावाखाली कंसात जी एक-दोन नावं असत, त्यांना तबकडी विकली गेली, रेडिओवर वाजली, दुसऱ्या कुणी गायली, की दर वेळी वाटा मिळे. गाणाऱ्याला ठरलेली रक्कम किंवा किरकोळ टक्केवारी, आणि मागच्या वादकाला त्या दिवसाची मजुरी. ध्वनिमुद्रणाला स्वतःचा असा केंद्रीय हक्क तिथे १९७२ पर्यंत नव्हता. साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर गायकाला आजही तिथे काही मिळत नाही. म्हणजे त्या कंसात नाव असणं हा मानाचा तर होताच, पण घरभाड्याचाही प्रश्न होता.

विली मे थॉर्नटन, जिला सगळे बिग मामा म्हणत, तिनं ऑगस्ट १९५२ मध्ये 'हाउंड डॉग' गायलं. गीतकार-संगीतकार जेरी लीबर आणि माइक स्टोलर, दोघेही एकोणीस वर्षांचे. पुढच्या वर्षी ही तबकडी कृष्णवर्णीयांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. आपल्याला त्याचे एकदाच ५०० डॉलर मिळाले, असं बिग मामा सांगायची. १९५६ मध्ये तेच गाणं एल्व्हिसनं गायलं आणि ते जगभर त्याचं गाणं झालं. बिग मामा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका भाड्याच्या खोलीत वारली. हॉल ऑफ फेमनं तिची दखल घेतली २०२४ मध्ये.

आर्थर क्रूडप यांची गोष्ट याहून बोचरी. त्यांनी १९४६ मध्ये 'दॅट्स ऑल राइट' स्वतः रचून गायलं. ५ जुलै १९५४ च्या रात्री एल्व्हिसनं त्याच सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत, दोन गाण्यांच्या मधल्या वेळात, गंमत म्हणून ते सुरू केलं. ती त्याची पहिली तबकडी. तिच्यावर कंसात क्रूडपचं नाव नीट छापलेलं होतं. तरीही पैसे मध्येच अडले आणि क्रूडप शेतमजुरी करत राहिले. तेव्हा नाव छापणं पुरेसं नसतं हेही खरं. पण निदान नाव होतं म्हणून काय द्यायचं राहिलं ते आज सांगता तरी येतं.

मी एल्व्हिसची तक्रार करायला उभी नाही. क्रूडपकडून आपण शिकलो, हे त्यानं ऐन प्रसिद्धीत उघड सांगितलं. १९६९ मध्ये लास वेगासला पत्रकारांनी त्याला 'राजा' म्हटलं, तेव्हा त्यानं तिथे आलेल्या फॅट्स डोमिनोकडे बोट दाखवून खरा राजा हा आहे असं सांगितलं. त्याच्या पहिल्या तबकडीवर त्याच्या नावाखाली 'स्कॉटी आणि बिल' असंही छापलेलं होतं. गिटारवाला स्कॉटी मूर आणि बास वाजवणारा बिल ब्लॅक. एल्व्हिस मोठ्या कंपनीकडे गेला आणि ती दोन नावं गळाली. १९५७ मध्ये पैशांवरून दोघांनी राजीनामे दिले.

आता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी जोडी. १९५२ ची ३१ डिसेंबर. सेंट लुईस भागात जॉनी जॉन्सन नावाचा पियानोवादक आपलं त्रिकूट घेऊन वाजवायचा. सॅक्सोफोनवाला आजारी पडला, म्हणून त्यानं त्या रात्रीपुरता एक बदली माणूस बोलावला. त्याचं नाव चक बेरी. बदली आलेला माणूस राहिला, आणि काही काळानं वाद्यवृंदच त्याच्या नावाचा झाला. १९५५ मध्ये शिकागोच्या चेस कंपनीसाठी त्यांनी 'मेबलीन' मुद्रित केलं. तबकडी छापून आली तर कंसात बेरीच्या नावाबरोबर आणखी दोन नावं. एक रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड, ज्यानं 'रॉक अँड रोल' हा शब्द घराघरात पोचवला, आणि दुसरं कंपनीच्या ओळखीतल्या रस फ्राटोचं. दोघांचा गाणं रचण्याशी काडीचा संबंध नव्हता. फ्रीडनं गाणं रेडिओवर वाजवत राहावं म्हणून ही खिरापत होती. आपलं गाणं पुन्हा एकट्याच्या नावावर करून घ्यायला बेरीला १९८६ पर्यंत थांबावं लागलं. एकतीस वर्षं.

आणि याच बेरीवर २००० साली जॉनी जॉन्सननं दावा लावला. म्हणणं असं, की कित्येक गाण्यांच्या चाली आम्ही दोघांनी पियानोवर बसून घडवल्या, शब्द त्याचे, पण नाव आणि पैसा एकट्याला. मधल्या काळात जॉन्सन सेंट लुईसमध्ये गाडी चालवून पोट भरत होता. बेरीवर चित्रपट निघाला तेव्हा, १९८६ मध्ये, कीथ रिचर्ड्सनं त्याला पुन्हा पियानोवर आणून बसवलं. दाव्याचा निकाल २००२ मध्ये लागला. न्यायालयानं कुणाचं खरं, कुणाचं खोटं हे सांगितलंच नाही. फार वर्षं उलटून गेली, एवढ्या कारणावर दावा काढून टाकला.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. बेरीचे शब्द बेरीचेच होते आणि ते अप्रतिम होते, याबद्दल कुणाला शंका नाही. पण त्या खोलीत पियानोवर कुणी काय सुचवलं, ते कुणी त्या दिवशी लिहून ठेवलं नाही. दोघं मित्र होते, तरुण होते, कशाला लिहायचं? पंचेचाळीस वर्षांनी न्यायालयालाही ते शोधता आलं नाही. श्रेयाची नोंद काम ताजं असतानाच करावी लागते, एवढं मी यातून घेतलं.

अट मोडून एकच गोष्ट नोकरीतली सांगते. आमच्याकडे प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ कुणी, कोणत्या दिवशी लिहिली याची नोंद यंत्रच ठेवतं. ती बघायच्या आज्ञेचं नाव 'ब्लेम', म्हणजे दोष! काही बिघडलं की सगळे पहिल्यांदा तिथे धावतात. पण तीच नोंद उलटीही वापरता येते. मी पूर्वी एके ठिकाणी होते, तिथे एका नवख्या मुलीचं काम बैठकीत दुसऱ्याच्याच नावानं मांडलं गेलं. तिनं काही वाद घातला नाही. नोंद उघडून पडद्यावर दाखवली आणि गप्प बसली. जॉनी जॉन्सनकडे तसा पडदा नव्हता.

हे फक्त अमेरिकेतच घडलं असंही नाही. 'रॉकेट एटी-एट' निघालं त्याच १९५१ साली आपल्या भगवानदादांचा 'अलबेला' आला. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. १९५७ च्या 'आशा' चित्रपटात त्यांनीच 'ईना मीना डीका' देऊन रॉक अँड रोल हिंदीत आणलं. त्यांच्या मदतीला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, मूळ गोव्याचे, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. 'अलबेला'त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. त्या काळच्या हिंदी चित्रपटांत नोटेशन लिहिणारे, वाद्यांची जुळणी करणारे गोव्याचे कितीतरी वादक होते. श्रेयनामावलीत त्यांतले फार थोडे आले. आपण ती गाणी गॅदरिंगमध्ये नाचून घेतली.

एक गोड गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९७७ मध्ये नासानं दोन व्हॉयेजर यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. जगभरच्या संगीताचे सत्तावीस नमुने आणि पंचावन्न भाषांतले नमस्कार, त्यांत मराठीतलाही. त्या तबकडीवर रॉक अँड रोलचं एकच गाणं आहे, चक बेरीचं 'जॉनी बी. गुड'. त्यातला 'जॉनी' हे नाव जॉनी जॉन्सनवरून सुचल्याचं बेरीनं सांगितलं होतं. आणि त्याच तबकडीवर आहे 'जात कहाँ हो', भैरवी, गायिका केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या. पहिलं व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघालं आणि अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या. बंदिशीपासून बारा आवर्तनांच्या ब्लूजपर्यंत सगळं एकाच चकतीवर घेऊन ते यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. कंसात नाव नसलेला जॉनी, निदान नावापुरता, तिथे आहे.

आता आपल्याकडे येते. स्मरणिकेसाठी जमवलेले फोटो मी चाळले. 'समूहनृत्य, इयत्ता नववी', 'नाटक, प्रथम क्रमांक', अशा ओळी आहेत. पुढे नाचणाऱ्या आम्ही ओळखू येतो. पण विंगेत पेटीवर कोण होतं? तबला कुणी धरला होता? ते नाटक कुणी लिहिलं होतं? कपडे कुणाच्या आईनं रात्र जागून शिवले? पडदा ओढणाऱ्या शिपाईमामांचं पूर्ण नाव काय? मला यातलं निम्मं सांगता येत नाही. समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना येईल, असं मला वाटतं, आणि ते आज आपल्यात आहेत.

म्हणून संपादक मंडळाला मी एक विनंती केली होती, ती त्यांनी मान्य केली आहे. स्मरणिकेची शेवटची दोन पानं नावांसाठी राखून ठेवली आहेत. बाहेर चहाच्या टेबलाजवळ वही ठेवलेली आहे. प्रत्येकानं फोटो बघून आपल्याला आठवणारं एक तरी नाव लिहायचं, पुढे त्या माणसानं काय केलं तेही लिहायचं. स्वतःचं नाव सोडून.

अजून फार उशीर झालेला नाही. वहीला पेन दोरीनं बांधून ठेवलं आहे, कारण ही बॅच मला ठाऊक आहे.